लैलाचे देणे

आमच्या कपाटावर गेली तीन वर्षे एक गिटार पडून होती. मुलीने दहावीनंतर हट्टाने घ्यायला लावली, दोन महिने क्लासला गेली, मग बारावी आली, सीईटी आली आणि ती पुण्याला हॉस्टेलवर गेली. जाताना म्हणाली, "अब्बू, विकू नका हं. त्यापेक्षा तुम्हीच शिका." मी हसण्यावारी नेले. पण घर रिकामे झाले की माणूस काहीही करू लागतो. एका रात्री मी स्टुलावर चढलो, गिटार खाली काढली, धूळ पुसली आणि मुलीला मेसेज केला, "कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू?"

तिने एक जुने इंग्रजी रॉक गाणे पाठवले. खाली लिहिले होते, "नाव तरी तुमच्या ओळखीचं आहे." नाव होते 'लैला'. १९७० सालचे, एरिक क्लॅप्टन आणि त्याच्या 'डेरेक अँड द डॉमिनोज' या बँडचे.

घरात बातमी पसरायला दोन दिवस पुरले. जुम्याच्या नमाजनंतर आमचे दुल्हाभाई म्हणाले, "हे वय तिलावतीचं आहे, तारा छेडायचं नाही. हे आपलं काम नाही." त्याच संध्याकाळी एका भाच्याने माझी बाजू घेण्यासाठी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला : गिटार मुसलमानांनीच शोधली, जगाला संगीत आपणच दिले, अभिमानाने पुढे पाठवा.

एकाच्या मते यातले काहीच आपले नव्हते, दुसऱ्याच्या मते सगळेच आपले होते. इतिहासावर लिहिणाऱ्या माणसाला हे दोन्ही निकाल सारखेच अडचणीचे वाटतात. म्हणून ठरवले, गाणे शिकायचे आणि शिकता शिकता त्यात कुणाकुणाचे काय आहे, तेही तपासायचे.

सात आघात

ज्यांनी 'लैला' ऐकलेले नाही त्यांना एवढेच सांगतो की गाण्याच्या आधी गिटारीवर सात आघातांचा एक तुकडा वाजतो. गाणाऱ्याने तोंड उघडण्याआधीच तो ऐकणाऱ्याला पकडून ठेवतो आणि पुढे पुन्हा पुन्हा येतो. रेकॉर्डवर हा तुकडा अनेक गिटारींच्या थरांनी भरलेला आहे, पण नवशिक्यासाठी दोन तारा पुरतात.

गिटारीला सहा तारा. जाड बाजूने दुसरी तार मोकळी वाजवायची. मग त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवायचे. नंतर तिसरी तार मोकळी, मग तिच्या तिसऱ्या पडद्यावर बोट, पुन्हा ती मोकळी, परत मागच्या तारेचा तिसरा पडदा आणि शेवटी पुन्हा तिसरी तार मोकळी. सात आघात, पण वेगवेगळे स्वर फक्त चार. कागदावर इतके सोपे की आपण उगाच घाबरलो असे वाटते.

प्रत्यक्षात मला पहिले आठ दिवस हा तुकडा लागला नाही. स्टीलच्या तारांनी बोटांच्या टोकांना रेघा पडल्या. वुजू करताना पाणी लागले की ती टोके चरचरत. स्वर बरोबर पडत होते, पण गाणे होत नव्हते. कुठे जोर द्यायचा, कुठे थांबायचे, हेच कळत नव्हते. मुलगी फोनवर म्हणायची, "अब्बू, टायपिंग केल्यासारखं वाजतंय."

बोटे दुखली की मी गिटार ठेवून पुस्तके उघडत असे. तिथे लैला भेटू लागली.

वाळवंटातला कैस

लैला-मजनूची मूळ कथा अरबी आहे. नज्दच्या वाळवंटातल्या बनू आमिर कबिल्यात सातव्या शतकात, म्हणजे उमय्या राजवटीच्या आरंभकाळात, कैस इब्न मुलव्वह नावाचा शायर होऊन गेला, असे अरबी परंपरा सांगते. लैलावरच्या प्रेमात तो इतका बुडाला की लोक त्याला 'मजनून' म्हणजे वेडा म्हणू लागले. तो खरोखर होता की नाही, याबद्दल जुन्या अरब विद्वानांनाही शंका होती. दहाव्या शतकात अबुल फरज अल-इस्फहानी यांनी 'किताब अल-अगानी' म्हणजे गाण्यांचा ग्रंथ लिहिला, त्यात मजनूच्या नावावरचे शेर आणि किस्से मोठ्या संख्येने आले आहेत. लैला आपल्याला पहिल्यांदा सलग भेटते ती अशी गाण्यांच्या पुस्तकात.

विखुरलेल्या या किस्स्यांची एक सलग कथा केली निजामी गंजवी यांनी. ते आजच्या अझरबैजानमधल्या गंजा शहराचे, लिहीत फारसीत. ११८८ साली शिरवानशाह अख्सितान यांच्या फर्माइशीवरून त्यांनी 'लैला व मजनून' ही मसनवी रचली. प्रस्तावनेत निजामी मोकळेपणाने सांगतात की हे काम अंगावर घ्यायला त्यांचे मन तयार नव्हते. ना बाग, ना मेजवानी, नुसती वाळू आणि दुःख. यात शायराने रंग भरायचा कसा? तेव्हा त्यांचा मुलगा मुहंमद, जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाचा, त्यांच्या मागे लागला आणि बापाने कलम उचलले. हे वाचून मी फोनकडे पाहिले. मुलांच्या हट्टाने बापांनी कामाला लागण्याची रीत तशी जुनी आहे.

निजामींच्या कथेत कैस आणि लैला मकतबमध्ये एकत्र शिकतात. बोभाटा होतो, लैलाला घरी बसवले जाते, कैस रानात निघून जातो. बाप त्याला काब्याला घेऊन जातो आणि म्हणतो, या वेडातून सुटका माग. मुलगा काब्याच्या दाराची कडी धरतो आणि हेच प्रेम वाढू दे, अशी दुआ मागतो. लैलाचे लग्न इब्न सलामशी होते, पण तो नवरा नावापुरताच राहतो. मजनू हरणे आणि हिंस्र जनावरे यांच्या संगतीत राहून शेर रचत जातो. शेवटी लैला मरते आणि तिच्या कबरीला बिलगून तोही प्राण सोडतो. तो तिला मिळवत नाही, आणि पुढे पुढे तर मिळवण्याची इच्छाही त्याच्यात उरत नाही. म्हणूनच सूफींनी या कथेत इश्के-हकीकीची वाट पाहिली.

इथून ही कथा सगळीकडे गेली. आपल्या अमीर खुसरोंनी १२९८-९९च्या सुमारास दिल्लीत 'मजनून व लैला' लिहिली आणि नावांचा क्रम उलटा केला. पंधराव्या शतकात हेरातच्या जामींनी लिहिली, सोळाव्या शतकात फुजूलींनी तुर्कीत. आपल्या मराठीत तर बागेत बसलेल्या कुठल्याही जोडप्याला 'लैला-मजनू' म्हणून मोकळे होतात. म्हणणाऱ्याला निजामी ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

मायामीतली लैला

मग ही लैला अमेरिकेतल्या मायामीच्या स्टुडिओत कशी पोचली? एका स्कॉटिश नाटककारामुळे.

इयान डॅलस १९३० साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. नाटके लिहीत, अभिनय करत. फेडेरिको फेलिनींच्या '८½' या गाजलेल्या इटालियन चित्रपटात ते मन ओळखणाऱ्या जादूगाराच्या सोबत्याच्या धाटणीच्या भूमिकेत दिसतात. साठच्या दशकात लंडनच्या कलावंतांत त्यांची ऊठबस होती. १९६७ मध्ये मोरोक्कोतल्या फेस शहरात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते मुहंमद इब्न अल-हबीब या सूफी शेखांचे मुरीद झाले. पुढे ते शेख अब्दुल कादिर अस-सूफी म्हणून ओळखले गेले. २००३ मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनडात, अलहम्ब्रासमोरच्या टेकडीवर, मोठी मशीद उघडली, ती त्यांच्याच अनुयायांच्या प्रयत्नांतून. २०२१ मध्ये केपटाउनला त्यांचे निधन झाले.

या डॅलसनी आपल्या मित्राला, एरिक क्लॅप्टनला, लैला-मजनूची कथा सांगितली. निजामींच्या मसनवीचा रुडॉल्फ गेल्पके यांनी केलेला इंग्रजी गद्य अनुवाद १९६६ सालीच आला होता. क्लॅप्टनला ही कथा आपलीच वाटली, कारण तो स्वतः एका अशक्य प्रेमात होता. ती स्त्री म्हणजे पॅटी बॉइड, त्याचा जिवलग मित्र आणि बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याची पत्नी. रविशंकरांकडे सतार शिकला तोच हॅरिसन.

१९७० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत निर्माता टॉम डाउड यांच्या देखरेखीखाली अल्बमचे रेकॉर्डिंग झाले. बँडमध्ये बॉबी व्हिटलॉक, कार्ल रेडल आणि जिम गॉर्डन होते. पाहुणा म्हणून आला ड्यूएन ऑलमन. हा तेविशीतला अमेरिकन पोरगा बोटात सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली घालून ती तारांवरून सरकवत असे. पडद्यांची अडचणच नसल्याने स्वर एकमेकांत वितळत जात. आपल्या कानाला ती मींड वाटते. गाण्याच्या उत्तरार्धात, पियानोच्या वर, जे काही रडत-गात राहते ते या बाटलीतून आलेले आहे. वर्षभराने, २९ ऑक्टोबर १९७१ रोजी, मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय चोवीस.

अल्बम नोव्हेंबर १९७० मध्ये आला आणि फारसा चालला नाही. बँडच्या नावात क्लॅप्टनचे नाव नव्हते, त्यामुळे अनेकांना हा कुणाचा अल्बम आहे तेच कळले नाही. गाण्याला खरे यश मिळाले १९७२ मध्ये. १९७९ साली क्लॅप्टनचे पॅटीशी लग्नही झाले, पण दहा वर्षांच्या आत संसार मोडला. निजामींच्या मजनूला लैला मिळाली नाही. क्लॅप्टनला मिळाली, आणि टिकली नाही. १९९२ मध्ये त्याने हेच गाणे साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीवर सावकाश लयीत वाजवले. ते ऐकताना तरुणपणीचे पत्र म्हातारपणी वाचणारा माणूस डोळ्यांसमोर येतो.

श्रेय कुणाकुणाचे

आता हिशेबाकडे येतो.

गाण्याचे कर्ते म्हणून दोन नावे छापली जातात, एरिक क्लॅप्टन आणि जिम गॉर्डन. पण तो सात आघातांचा तुकडा, ज्याने माझी बोटे सोलली, तो कुठून आला? ड्यूएन ऑलमनने तो सुचवला आणि त्याचे मूळ आल्बर्ट किंग यांच्या एका गाण्यात आहे, असे या संगीताचे जाणकार सांगतात. आल्बर्ट किंग हे अमेरिकेच्या दक्षिणेतले कृष्णवर्णीय ब्लूज गायक आणि गिटारवादक. त्यांच्या १९६७ सालच्या अल्बममध्ये एक संथ, दुखऱ्या चालीचे गाणे आहे. त्यातल्या सात अक्षरांच्या एका ओळीची चाल उचलून तिचा वेग वाढवला की 'लैला'चा तुकडा तयार होतो. मी दोन्ही लागोपाठ ऐकून पाहिले. एकदा कळल्यावर पुन्हा न ऐकू येणे शक्य नाही.

गाण्याच्या शेवटी पियानोचा जो लांब भाग आहे, तो जिम गॉर्डनच्या नावावर आहे. गायिका रिटा कूलिज यांनी मात्र पुढे सांगितले की ती धून गॉर्डन आणि त्यांनी मिळून रचली होती, आणि बॉबी व्हिटलॉकनेही त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. रेकॉर्डवर त्यांचे नाव नाही.

आणि निजामी? इथे मला सुखद धक्का बसला. त्याच अल्बमवर 'आय ॲम युवर्स' नावाचे दुसरे एक छोटे गाणे आहे. त्याचे शब्द निजामींच्या मसनवीवरून घेतलेले आहेत आणि गीतकार म्हणून क्लॅप्टनच्या शेजारी निजामी हे नाव छापलेले आहे. गंजाच्या एका शायराचे नाव, त्याच्या मृत्यूनंतर साडेसातशेहून अधिक वर्षांनी, अमेरिकन रॉकच्या रेकॉर्डवर. मेलेल्या शायराचे देणे मान्य केले गेले. हयात असलेल्या दोघांचे राहून गेले.

पण गिटार तरी कुणाची?

दुसऱ्यांचा हिशेब मांडताना आपल्या भाच्याचा फॉरवर्ड सोडून देणे बरे नव्हे.

खरे आहे की गिटारीच्या प्रवासात मुस्लिम जगाचा मोठा टप्पा आहे. इ.स. ८२२ मध्ये बगदादहून आलेला झिरयाब हा गवई अंदलूसमध्ये कुर्तुब्याच्या दरबारी रुजू झाला. त्याने ऊद या वाद्याला पाचवी तार चढवली आणि लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरली, असे अल-मक्करी लिहितात. पण अल-मक्करी सतराव्या शतकातले, म्हणजे झिरयाबनंतर सुमारे आठशे वर्षांनी लिहिणारे. तेव्हा त्यातले किती खरे आणि किती आदरापोटी वाढलेले, हे जपूनच सांगावे लागते. युरोपातले ल्यूट हे वाद्य मात्र नावासकट अल-ऊदचे वारस आहे, याबद्दल वाद नाही.

'गिटार' हा शब्द स्पॅनिश 'गितारा'वरून आला, तो अरबी 'कितारा'वरून आणि अरबांनी तो ग्रीक 'किथारा'वरून घेतला. ग्रीकांची किथारा दिसायला गिटारीसारखी मुळीच नव्हती. म्हणजे नाव एका वाटेने आले आणि वाद्य दुसऱ्या वाटेने. चौदाव्या शतकातला एक स्पॅनिश कवी, हुआन रुइस, दोन वेगळ्या गिटारींचा उल्लेख करतो, एक मूरांची आणि एक लॅटिन. आजच्या गिटारीची मोठी बहीण यातली दुसरी, असाच अभ्यासकांचा कल आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात अंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश सुताराने तिला आजचा आकार दिला. १८३३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला गेलेल्या मार्टिन यांनी अमेरिकेत तिचा कारखाना काढला. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर ही विजेवरची गिटार बाजारात आणली, आणि क्लॅप्टनने 'लैला' वाजवले ते तसल्याच एका गिटारीवर.

मी ग्रुपवर लिहिले, "गिटार आपण शोधलेली नाही. तिच्या वाटेवर आपलेही एक मुक्कामाचे गाव होते, एवढे खरे." भाच्याने रुसलेला चेहरा पाठवला. पण दुसऱ्याने आपले श्रेय लपवले तर आपल्याला दुखते. मग ग्रीक, स्पॅनिश आणि जर्मन कारागिरांचे श्रेय आपण एका फॉरवर्डमध्ये गिळायचे, हे कुठल्या हिशेबात बसते?

दुल्हाभाईंनाही उत्तर द्यायचे होते, पण तिथे मी जपून राहिलो. संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही. इमाम गझालींनी समाला काही अटींवर मान्यता दिली, हे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. पण त्याच गझालींनी मद्यपींच्या मैफलीतली तंतुवाद्ये त्या सवलतीतून वगळली, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून मी त्यांना एवढेच म्हणालो की शरीअतचा निकाल तुम्ही आलिमांना विचारा. पण 'हे आपले नाही' हा इतिहासाचा निकाल असेल, तर तो मला मान्य नाही. ज्या तहजीबमध्ये अल-फाराबीने दहाव्या शतकात 'किताब अल-मूसीकी अल-कबीर' हा संगीतशास्त्रावरचा महाग्रंथ लिहिला, तिच्यात तारा होत्याच. त्यावरचा वादही होता. दोन्ही आपलेच.

बर्मिंगहॅमची रात्र

या गाण्यामागे लागून मी इथवर आलो, आणि मग ५ ऑगस्ट १९७६ ही तारीख समोर आली.

त्या रात्री बर्मिंगहॅमच्या ओडियन थिएटरात क्लॅप्टनचा कार्यक्रम होता. तो भरपूर प्यायलेला होता. मंचावरून त्याने सभागृहात कुणी परदेशी आहेत का, असे विचारले आणि त्यांनी देशातून चालते व्हावे असे सुनावले. ब्रिटन काळ्यांची वसाहत होता कामा नये, असे म्हणत त्याने स्थलांतरितांविरुद्धच्या भाषणासाठी कुप्रसिद्ध झालेल्या इनॉक पॉवेल या नेत्याला पाठिंबा दिला. पॉवेलचे ते भाषणही १९६८ मध्ये याच बर्मिंगहॅममध्ये झाले होते. कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी, मीरपुरी, बंगाली आणि कॅरिबियन कुटुंबांचे हे शहर.

बोलणारा कोण होता? ज्याची सगळी विद्या अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज वादकांच्या रेकॉर्ड ऐकून आलेली. ज्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेणारे गाणे जमैकाच्या बॉब मार्ले यांचे होते. ज्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे नाव अरबी, कथा फारसी आणि पहिला तुकडा आल्बर्ट किंगचा होता. आणि ज्याला ती कथा सांगणारा मित्र मुसलमान झालेला होता.

काही छायाचित्रकार, कलाकार आणि कार्यकर्त्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहून नेमके हेच विचारले. त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी तिच्या हाकेवर लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात हजारो तरुण जमले. क्लॅप्टनने बरीच वर्षे टाळाटाळ केली. अखेर २०१८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याला त्या वागण्याची लाज वाटते, असे तो जाहीरपणे म्हणाला.

हे वाचल्यावर दोन दिवस मी गिटारीला हात लावला नाही. 'इथून चालते व्हा' हे शब्द आपल्यालाही नवीन नाहीत. ते म्हणणाऱ्याच्या जेवणात, पेहरावात, बोलण्यात, दस्तऐवजात, तारखेत आपल्या पूर्वजांनी आणलेले कितीतरी असते, आणि त्याला ते ठाऊक नसते. पण क्लॅप्टनला ठाऊक होते, हे मला जास्त लागले. त्याने निजामींचे नाव स्वतः छापले होते. ज्ञान असले की माणूस माणसाचा द्वेष करत नाही, या माझ्या लाडक्या समजुतीला या एका तारखेने तडा दिला. देणे कागदावर लिहून भागत नाही. देणेकऱ्याचा मुलगा समोरच्या खुर्चीवर बसलेला असतो, तेव्हा त्याच्याशी कसे बोलतो, तिथे ते फिटते किंवा थकते.

तरीही गाणे सोडावेसे वाटले नाही. ते आता त्या एका माणसाचे उरलेच नव्हते.

मिरजेचा कारागीर

दरम्यान गिटारीची एक तार पहिल्या पडद्यावर खरखरू लागली. आमच्याकडून मिरज जवळ. सतारी आणि तानपुऱ्यांचे हे गाव. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींची मागणी घटली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, ते तंतुवाद्यांकडे वळले. मुस्लिम कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या हुनराला, मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच राहिले, १९३७ साली त्यांना इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन केले, आणि उरुसातली संगीत सभा आजही भरते.

एका वयस्कर कारागिराने गिटार उलटीपालटी करून पाहिली. पटाशीने तारेखालची पट्टी सारखी केली आणि म्हणाले, "वाजवा बघू." मी माझे सात आघात वाजवले. त्यांनी मान हलवली. "भाई, तुम्ही पहिल्या सुराला सा धरताय. तो सा नाही. तो खालचा पंचम आहे. सा तिसरा आहे. तिथं जाऊन टेकायचं." मग त्यांनी स्वतःच गुणगुणून दाखवले : मंद्र पंचम, कोमल निषाद, षड्ज, कोमल गंधार, षड्ज, निषाद, षड्ज. "धानीचे सूर हायत," असे सहज म्हणून ते पुढच्या तानपुऱ्याकडे वळले.

हे गाणे धानी रागातले आहे, असा फॉरवर्ड कृपया कुणी काढू नये. आल्बर्ट किंगना धानी माहीत असण्याचे कारण नव्हते. पाच स्वरांची ही मांडणी जगात अनेकांना आपापली सापडलेली आहे. पण त्यांचे एक वाक्य मला आठ दिवसांच्या रियाजापेक्षा जास्त देऊन गेले. सुरुवातीलाच मुक्कामाला पोचलो असे मी धरून चाललो होतो, म्हणून पुढचे सगळे टायपिंगसारखे वाजत होते. खालून, पंचमापासून चढत येऊन षड्जावर टेकायचे आहे, हे कळल्याबरोबर जोर कुठे द्यायचा ते बोटांना आपोआप समजले.

त्या रात्री मुलीला रेकॉर्ड करून पाठवले. उत्तर आले, "अब्बू!! आता कॉर्ड्स." म्हणजे डी मायनर, बी फ्लॅट, सी. बी फ्लॅटला एकच बोट आडवे टाकून पाच तारा दाबायच्या असतात. आणि शब्द सुरू होताच गाणे अचानक अर्धा स्वर खाली, सी शार्प मायनरवर उतरते. बसलेल्या माणसाखालची चटई हळूच ओढावी तसे. तिथे मी रोज पडतो.

परवा दुल्हाभाई आले होते. मी आत बसून वाजवत होतो. थोडा वेळ ते दारात उभे राहिले, मग विचारले, "हा कैसचा किस्सा म्हणजे ऋषी कपूरच्या सिनेमातलाच ना? शहात्तर साली आम्ही सांगलीत तीनदा पाहिला होता." मी हो म्हणालो आणि गिटार खाली ठेवली. मग चहा होईपर्यंत लैला-मजनूचा तो चित्रपट त्यांनी मला पहिल्यापासून सांगितला. मजनू कडी धरून दुआ मागतो तो निजामींचा प्रसंग मी त्यांना सांगितला. तो ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "असरच्या वेळेला मात्र ते बंद ठेवत जा."

ठेवतो. बी फ्लॅट अजून लागत नाही.